बाबांच्या मुंजीचा फोटो टाइलवर: प्रकल्प नोंदी

१ जून, रविवार

नारायण पेठेतल्या वाड्याच्या जागी इमारत उभी राहिली. आत्याला दुसऱ्या मजल्यावरच्या घराची किल्ली पुढच्या महिन्यात मिळेल. तिचं मागणं एकच आहे. १९५८ साली वाड्याच्या चौकात बाबांची मुंज झाली, त्या दिवशीचा घरातल्या सगळ्यांचा फोटो दाराशेजारी हवा. टांगायचा नाही, भिंतीत बसवायचा. "टांगलेलं काढून माळ्यावर टाकतात गं," म्हणाली.

हा फोटो १२ जुलै १९६१ ला पाण्यात होता. पानशेत फुटलं तेव्हा आत्या चौदा वर्षांची. पाणी ओसरल्यावर तळमजल्याच्या चिखलातून फ्रेम निघाली ती फोटो काचेला चिकटलेलीच, आणि आजही तशीच आहे. जुन्या कृष्णधवल फोटोत चांदीचे बारीक कण जिलेटिनच्या थरात बसलेले असतात. जिलेटिन पाण्यात फुगतं, मऊ होतं आणि काचेला टेकून वाळलं की तिथेच धरतं. आता ओढून काढायला गेलं तर चित्र काचेवर राहील आणि हातात नुसता कागद येईल. म्हणून फोटोला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

पांढऱ्या सिरॅमिक टाइलवर टायटॅनियम डायऑक्साइड असलेला पांढरा रंग मारायचा, निळ्या डायोड लेझरने चित्र भाजायचं आणि उरलेला रंग पुसून काढायचा, असा बेत आहे. हौशी लोकांत ही पद्धत 'नॉर्टन व्हाइट टाइल' या नावाने ओळखली जाते. माझ्याकडचं मशीन ५ वॅटचं आहे. खोक्यावर २० लिहिलेलं असतं ते आत जाणाऱ्या विजेचं. बाहेर येणारा प्रकाश ५ वॅटचाच.

४ जून

बोहरी आळीतून थिनर, मास्किंग टेप, पांढऱ्या मॅट स्प्रेचे तीन वेगवेगळे डबे आणि पाव किलो टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी आणली. टाइलच्या दुकानात चार बाय चार इंचांच्या पांढऱ्या चकचकीत टाइल्सचं अर्धवट खोकं स्वस्तात मिळालं. माल मोरबीचा. मोठ्या आठ बाय बाराच्या सध्या दोनच घेतल्या, सरावापुरत्या.

मागच्या खोलीच्या खिडकीत पंखा आणि चार इंची नळी बसवली. जळणाऱ्या रंगाचा धूर छातीत घेण्यासारखा नाही. मशीनवर झाकण आहे, तरी ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशासाठीचा नारिंगी चष्मा लावल्याशिवाय मी खोलीत पाऊल ठेवत नाही, आणि मशीन चालू असताना दुसऱ्या कुणाला आत येऊ देत नाही. टाइल चकचकीत असते. तिच्यावरून परतलेला किरणही डोळ्याला तितकाच वाईट.

८ जून, रविवार

आधी सोपी वाट करून पाहिली. टाइलला काळा रंग दिला आणि लेझरने तो उडवला. उडाला तिथे खालची पांढरी टाइल दिसली. चित्र दिसतं छान, पण काळं जे उरतं तो नुसता रंग. नखाने खरवडला तर निघाला. एकदा पाण्यातून निघालेला फोटो पुन्हा अशा कच्च्या रंगात ठेवायचा माझा जीव होईना. ही वाट सोडली.

मग पांढरा. दोन पातळ कोट, रात्रभर वाळवण, आणि त्यावर दोन सेंटिमीटरचा एक चौकोन. लेझर फिरताना पांढऱ्यावर करडी रेघ उमटत गेली. थिनरच्या बोळ्याने पुसल्यावर रंग निघून गेला आणि चकचकीत टाइलवर निळसर काळा चौकोन राहिला. तारेच्या घासणीने घासला, गेला नाही. सुरीच्या टोकाने ओरखडला, तर सुरीच्याच लोखंडाची रेघ त्याच्यावर उमटली.

होतं काय, तर कोरी टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी निळा प्रकाश जवळजवळ सगळा परतवते, लेझरला दाद देत नाही. आधी रंगातला बाइंडर, म्हणजे भुकटी धरून ठेवणारा चिकट भाग, जळून काळा पडतो, तो काळेपणा प्रकाश शोषतो आणि तिथली उष्णता एकदम चढते. तापलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडमधला थोडा ऑक्सिजन निघून जातो आणि पांढऱ्याचं काळसर होतं. त्याच वेळी खालची झिलई, म्हणजे टाइलवरचा काचेसारखा थर, मऊ झालेली असते, तिच्यात ते रुतून बसतं. कोऱ्या टाइलवर तोच लेझर तीनदा फिरवला. डागही पडला नाही.

हा तुकडा बाल्कनीतल्या बादलीत पाण्यात टाकून ठेवला. पावसाळाभर तिथेच राहू दे.

१४ जून

आजचा सगळा दिवस रंगांच्या मागे गेला, पण तो घालवायलाच हवा होता. पांढरा म्हणजे टायटॅनियम असं गृहीत धरलं होतं. तसं नसतं. स्वस्त रंगात टायटॅनियम कमी आणि खडूसारखी भर जास्त असते. डोळ्याला दोन्ही पांढरेच. तिन्ही डबे आणि घरी कालवलेला एक असे चार रंग चार टाइल्सना दिले आणि चौघांवर एकच पट्टी भाजली. एका डब्याची पट्टी तपकिरी आली आणि पुसताना अर्धी निघून गेली. दुसऱ्याची बरी, पण करडी. तिसऱ्याची गर्द काळी. तिसरा डबा महाग होता, पण टायटॅनियमचे पैसे तिथेच पडले असणार.

चौथा माझा: भुकटी आणि डिंकाचं पाणी, ताकाइतकं पातळ. डिंकच बाइंडर. हा तर सगळ्यांत काळा आला, आणि उरलेला नुसत्या पाण्याने धुऊन निघाला, थिनर लागलंच नाही. माझा आनंद अर्धा तास टिकला. भिंगाखाली पाहिलं तर ब्रशच्या केसांच्या रेघा चित्रात उतरल्या होत्या. जाड थर तिथे फिकं, पातळ थर तिथे गर्द. अक्षरांना चालेल, चेहऱ्यांना नाही. नावाची पाटी करायची असेल तर मात्र डिंकाचीच करीन.

थर किती जाड हवा हे 'पातळ' म्हणून कळत नाही, म्हणून वजनावर गेले. चार बाय चारची टाइल खिशातल्या काट्यावर मावते. रंग देण्याआधी आणि वाळल्यावर तोलली. ०.३ ग्रॅम वाढ झाली तेव्हा पट्टी सर्वांत स्वच्छ आली, ०.६ ला कडा फाटल्या आणि काळे पापुद्रे निघाले. मोठी टाइल या काट्यावर चढणार नाही. म्हणून तिला रंग देताना शेजारी एक छोटी ठेवायची, दोघींवरून हात सारखा फिरवायचा आणि छोटी तोलायची.

१५ जून, रविवार

वेग आणि ताकद बदलून पट्ट्या भाजल्या. ठरलं ते १८०० मिमी प्रतिमिनिट, ८० टक्के. यापेक्षा हळू गेलं की झिलईला केसासारख्या चिरा पडतात.

डायोड लेझरचा ठिपका गोल नसतो, लांबट असतो. त्याची लांब बाजू ओळीच्या दिशेने पडली तर शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळत नाहीत. माझ्या मशीनवर तो आडवा लांबट आहे, म्हणून ओळीही आडव्याच चालवायच्या. उभ्या चालवून पाहिल्या, चित्र चिखल झालं.

ओळींतलं अंतर ०.१२ मिमी ठेवलं. ०.१ ला ठिपके एकमेकांवर चढतात आणि सावल्या बुजतात.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज शहरात. आत्या सध्या सदाशिव पेठेत भाड्याने राहते. दुपारी रस्ते बंद व्हायच्या आत तिच्याकडे पोचले आणि मुक्कामालाच राहिले.

फ्रेम मांडीवर घेऊन पहिल्यांदा नीट पाहिली. तेवीस माणसं. सतरंजीवर बटू, मुंडण केलेला, कमरेला लंगोटी, हातात दंड. ते बाबा, आठ वर्षांचे. डाव्या कोपऱ्यातून पाण्याची तपकिरी रेघ वर चढत गेली आहे, नदीकाठच्या भिंतीवर दिसते तशी. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या बाईचा चेहरा नाही. पदर आहे, नथीचा ठिपका आहे, मध्ये पांढरं. थर तिथे निघून गेलेला. ती माझी पणजी.

गेल्या आठवड्यात प्रिंटरच्या स्कॅनरवर ठेवून पाहिली होती; सगळं धूसर आलं. असल्या पातळ स्कॅनरचा फोकस काचेला चिकटलेल्या कागदापुरताच असतो. मध्ये फ्रेमची काच आली की संपलं. म्हणून आज कॅमेरा. गॅलरीत ढगाळ उजेड होता, तो बरा: ऊन असतं तर काच चमकली असती. फ्रेम भिंतीला टेकवली, समोर आत्याची काळी शाल दोरीवर टाकली आणि शालीच्या दोन पदरांमधून लेन्स बाहेर काढली. काचेत काळ्याशिवाय काही दिसेना. चाळीस फोटो काढले. रात्री टाळ-मृदंगाचा आवाज लक्ष्मी रस्त्याकडून येत होता आणि आत्या एकेक माणूस बोट ठेवून सांगत होती. मी वहीत तेवीस नावं लिहून घेतली. आजपर्यंत मला त्यांतली नऊच माहीत होती.

२२ जून

भाच्याने प्रेमाने मदत केली. फोटो दुरुस्त करणाऱ्या एका ॲपमधून काढून आणला. डाग गेले, भिंत गुळगुळीत झाली, आणि पणजीला चेहरा आला. रेखीव, तरुण, हसरा. आत्याला फोनवर पाठवला. तिचा लगेच फोन: "ही कोण? ही आजी नाही." मग जरा थांबून, "आणि बाबाला असे कान कुठे होते? त्याचे कान बाहेर आलेले होते, त्यावरून त्याला सगळे चिडवायचे."

मी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली. कान खरंच आत घेतले होते. इतर सगळेही थोडे थोडे बदलले होते, कुणाचा ओठ, कुणाची भुवई; एकेक पाहिलं तर लक्षात येणार नाही इतके. यात मला सगळ्यांत वाईट हे वाटलं की वीस वर्षांनी हीच टाइल पाहणाऱ्याला खरे कान कसे होते ते कळणार नाही. टाइलवरचं पुसता येत नाही. कागदावरची चूक कागदाबरोबर जाते, ही राहील.

मूळ फोटोत नाही ते टाइलवर जाणार नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. उजेड-सावली सारखी करायची, तेवढंच. पाण्याची रेघ राहील. पणजीचा चेहरा कोरा राहील.

बारीक काम मात्र वाढलं. टाइलवर लेझर हवा तसा करडा रंग देऊ शकत नाही. एकतर काळा ठिपका, नाहीतर काही नाही. करडं दाखवायचं तर ठिपके विरळ करावे लागतात, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. त्याच्या रीती अनेक. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ ची सर्वांत प्रसिद्ध. तिच्यात गालांवर किड्यांसारख्या नागमोडी रेघा आल्या. स्टुकीची रीत चेहऱ्यांना जास्त मानवली. चित्र २४० बाय १६५ मिमी, म्हणजे आडवे २००० ठिपके आणि उभ्या १३७५ ओळी. त्यात एक चेहरा ९ मिमी रुंद. पंचाहत्तर ठिपक्यांत एक माणूस बसवायचा आहे. बाबांच्या डाव्या कानाला सहा ठिपके मिळाले.

प्रत्यक्षात ठिपका ठरवल्यापेक्षा मोठाच पडतो, म्हणून संगणकावर चित्र फिकट, जवळजवळ उडालेलं दिसेल इतकं उजळ केलं. टाइलवर ते बरोबर येतं. पडद्यावर छान दिसणारं चित्र टाइलवर काळं ठिक्कर पडतं.

२६ जून, गुरुवार

पहिली मोठी टाइल. सकाळी आठला सुरू केली, सव्वातीन तासांचं काम. दहाला वीज गेली. गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा दिवस, हे जन्मभर पुण्यात राहून विसरले.

१०३ मिमी चित्र उतरलं होतं. वीज आल्यावर मशीनला आपण कुठे आहोत ते माहीत नव्हतं, आणि टाइलही मी नुसती ठेवलेली, टेकवलेली नाही. अंदाजाने जुळवून पुढच्या ओळींपासून चालवलं. जोड अर्धा मिमी सरकला आणि तो नेमका मधल्या रांगेतल्या माणसांच्या गळ्यांवरून गेला. टाइल बाजूला ठेवली.

संध्याकाळी सुताराचा गुण्या आणून मशीनच्या पाटावर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या काटकोनात ठोकल्या. आता टाइल त्या कोपऱ्यात सरकवली की दर वेळी त्याच जागी बसते, आणि मशीनचा शून्यही त्याच कोपऱ्यावर बांधला.

२९ जून

दुसरी मोठी टाइल. वीज टिकली. पुसल्यावर सतरंजी, बटू, पाट, तांब्या, पुढची रांग सगळं ठसठशीत. मागची रांग मात्र फिकी, धुक्यात उभी असल्यासारखी. पुन्हा पाणीच आलं की काय असं क्षणभर वाटलं. लेन्स काढून पाहिली तर तिच्यावर पांढुरकी साय. तीन तासांच्या धुराची पूड. मशीन खालून वर जातं, म्हणजे पाय आधी आणि मागे उभी राहिलेली माणसं शेवटी. लेन्स मळत गेली तशी ती विरत गेली.

दोन उपाय केले. लेन्सशेजारी हवेची बारीक नळी लावली, अगदी मंद, धूर फक्त बाजूला सरावा इतकीच. आणि लाइटबर्नमध्ये, म्हणजे लेझर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, स्कॅनचा कोन १८० केला, म्हणजे काम वरून खाली. स्वच्छ लेन्स आधी चेहऱ्यांना, मळली तर सतरंजीला.

५ जुलै

टाइल सपाट असते हा आपला समज. स्टीलची पट्टी कर्णावर उभी धरली तर मध्ये टेकते आणि टोकांना फट राहते. दुकानात पट्टी घेऊनच गेले. दुकानदार म्हणाले, "ताई, एवढं कुणी बघत नाही." म्हटलं, फोटो आहे, कोपऱ्यातली माणसं धूसर होतात. मग त्यांनीच खोकं उघडून दिलं आणि स्वतः पट्टी धरून बसले. अकरा टाइल्समधून दोन निवडल्या; त्यांच्या टोकाखाली एक पोस्टकार्डही जाईना. फोकस मध्यावर नाही, मध्य आणि कोपरा यांच्या अर्ध्या वाटेवर लावला.

रंग आजच दिला. शेजारच्या छोट्या टाइलचं वजन ०.३१ ग्रॅमने वाढलं. हवा दमट आहे, दोन रात्री वाळू देते.

७ जुलै, सोमवार

सकाळी सातला सुरुवात. लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतली. सव्वादहाला संपलं. थिनरचा बोळा वरच्या कोपऱ्यातून फिरवला.

आधी वाड्याचा लाकडी खांब आला, त्याची कमळाची कोरीव पट्टी. मग मागची रांग, पागोटी, टोप्या. मग बायका. पणजीच्या जागी कोरी, चकचकीत टाइल, आणि तिच्या खाली नथीचा ठिपका. मग बोळा खाली आला आणि बाबांचे कान आले. दोन्ही, बाहेर आलेले. मी बोळा ठेवून दिला आणि जरा वेळ बसून राहिले. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

१२ जुलै, शनिवार

टाइल आत्याकडे नेली. तिने ती खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली. काळं झिलईत किंचित खोल बसलेलं असतं, त्यामुळे तिरक्या उजेडात चेहरे उठून दिसतात आणि बोटालाही लागतात. तिने बोट फिरवलं. एकेकाचं नाव घेतलं. पणजीपाशी बोट थांबलं आणि ती म्हणाली, "हिला इथे सोडलंस ते बरं केलंस."

मग तिने विचारलं, पाणी लागलं तर? मी काही बोलायच्या आत तिने तांब्यातलं पाणी टाइलवर ओतलं, पदराने पुसलं आणि पुन्हा पाहिलं.

१६ जुलै

बादलीतला ८ जूनचा तुकडा काढला. शेवाळ धरलं होतं. घासून घेतला, लिंबाचा रस लावून रात्रभर ठेवला, सकाळी धुतला. नव्या पट्टीशेजारी धरला तर फरक दिसत नाही. आत्याला तुकडा पाठवून दिला.

२३ जुलै, बुधवार

टाइल बसली. दाराच्या उजव्या हाताला, आत्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. आत्या पाच फुटांच्या आत आहे, म्हणून टाइलही तेवढ्याच उंचीवर. टाइल बसवणाऱ्या काकांनी सिमेंटऐवजी टाइल चिकटवण्याचा मसाला वापरला, मागे कुठे पोकळी राहू दिली नाही, बोटाने टकटक करून कान लावून पाहिलं. फटीत भरायचं ग्राउट पांढरं. चेहऱ्यांवर सांडलेलं ते ओल्या स्पंजाने पुसताना मला विचारत होते, "जोरात पुसू ना? निघणार नाही ना?" पुसा म्हटलं.

टाइलच्या मागच्या बाजूला, बसवण्याआधी, मी तेवीस नावं लिहिली. तीही लेझरने, त्याच रंगात, पण मागे झिलई नसते, त्यामुळे अक्षरं तेवढी पक्की नाहीत. म्हणून नावांची एक चार बाय चारची टाइल वेगळी केली, डिंकाच्या रंगाने. ती खाली, चपलांच्या कपाटाच्या वर बसवली.

नाशिकच्या काकांनी फोटो पाहून एक मागितली आहे. दुसरी सपाट टाइल शिल्लक आहे, रंग आज संध्याकाळी देते. उद्या गुरुवार, मशीन शुक्रवारी सकाळी लावीन.